परवानगीपुरती गोष्ट

"ही गोष्ट कोणी लिहिली आहे?"

प्रश्न मराठीत आला आणि मी खुर्चीतून पडायचाच काय तो बाकी राहिलो. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, एका सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर मी बसलो होतो. परदेशी लोकांना चित्रीकरणाचे परवाने देणारं ते खातं. दोन दिवस तिथल्या एकेका टेबलापुढे इंग्रजीत विनवण्या करत आणि फ्रेंच ऐकून मान डोलावत मी फिरत होतो. आणि आता समोरच्या बाई, पन्नाशीच्या, निळ्या सुती साडीतल्या, आमच्या फाइलमधले मराठी कागद बोटानं ओळ धरून वाचत होत्या.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे मीच लिहिली."

"आपण लेखक आहात?"

"नाही हो. सहायक दिग्दर्शक. सदानंद टिपणीस."

"मी देवयानी भिवाजी. माझे मराठी शाळेतले आहे. चुकले तर सांगावे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कागदात शिरल्या.

माझी पंचाईत झाली. कारण ती गोष्ट कुणी वाचावी म्हणून लिहिलेलीच नव्हती.

हे शहाण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि बापू कोठावळ्यांच्या हाताखाली काम करत होतो. बापू निर्माते, बापूच दिग्दर्शक. नाशिककडचा गडी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कागदपत्रांशी उभा दावा. आमचा सिनेमा विनोदी होता. सोन्याची तस्करी करणारे मामा-भाचे मॉरिशसला येतात, तिथल्या एका बेवड्या इन्स्पेक्टरला टोप्या घालतात, आणि शेवटी नायक-नायिका परातीएवढ्या कमळपानांच्या तळ्याकाठी गाणं म्हणतात. असलं काही कुठल्याही सरकारपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत होती, अजूनही असेल. गोष्टी दोन लिहायच्या. एक पडद्यासाठी, एक परवानगीपुरती. परवानगीपुरत्या गोष्टीत कुणी दारू पीत नाही, पोलीस देवमाणूस असतो आणि त्या देशाचं निसर्गसौंदर्य पानोपानी ओसंडून वाहतं. कचेरीतला माणूस पहिलं पान बघतो, फाइलची जाडी बघतो आणि शिक्का मारतो. ही गोष्ट कुणी वाचत नाही, या भरवशावरच सगळा कारभार चालायचा.

ती लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं होतं. "टिपणीस, काहीतरी रडकं लिही," बापू म्हणाले होते, "सरकारला रडकं आवडतं." मी एका बैठकीत चाळीस पानं हाणली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातला एक मुलगा जहाजात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यात मजुरीला जातो आणि परत येत नाही. तो कधी मेला, मेला की नाही, हेच घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून पितृपंधरवड्यात त्याचं पान वाढत नाहीत. जिवंत असला तर? शेवटी त्याच्या भावाची नात भागीरथी म्हातारपणी तिकडे जाते, ती फक्त त्याची तिथी विचारायला. झालं, एवढीच गोष्ट. इंग्रजी सारांश चार पानांचा होता. मूळ मराठी बापूंनी फाइल जाड दिसावी म्हणून मागे टाचलं होतं. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, त्यांची मुलं शाळेत मराठी शिकतात, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला माहीत नव्हतं.

बाईंनी शेवटचं पान उलटलं, चष्मा काढला.

"ही सत्यकथा आहे काय?"

आमचं घोडं त्या वेळी कुठे अडलं होतं, ते सांगायला हवं. कमळतळ्याची बाग सरकारी होती आणि नाचगाण्याच्या चित्रीकरणाला बागवाले महिनाभर थांबा म्हणत होते. आमची परतीची तिकिटं पुढच्या आठवड्याची. बागेचं पत्र नाही तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर समुद्र ओलांडून येण्याचंच काही कारण नव्हतं. बापूंनी सकाळीच बजावलं होतं, "पत्र घेऊनच ये. नाहीतर तिकडंच उसात कामाला लाग."

"सत्यकथा असेल," बाई एकेक शब्द निवडत म्हणाल्या, "तर ती आमच्याही इतिहासाची गोष्ट होते. मग मला बागेकडे वेगळे पत्र पाठवता येते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. "सत्यच आहे," मी म्हणालो. "आमच्याच घरातली आहे."

"आपल्या घरातली?"

"आजोबांचे चुलते."

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तर मग तसे लिहून द्यावे. फाइलला लागते."

मी लिहिलं, 'सदर कथा माझ्या घराण्यातील असून सत्य आहे.' खाली सही केली. बाईंनी शिक्का मारला, कोपऱ्यात क्रमांक घातला आणि कागद फाइलला लावला. लिहिताना माझा हात जराही कापला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या धंद्यात असल्या सह्या आम्ही चहा पिता पिता करत होतो.

"आमचे आडनाव भिवाजी," बाई म्हणाल्या. "माझ्या पणजोबांचे नाव भिवा. बोटीतून उतरल्यावर गोऱ्या कारकुनाने नाव विचारले आणि जे लिहिले, तेच पुढे आडनाव झाले. मूळ आडनाव गेले. गावही गेले. आम्हांला त्यांची तिथी ठाऊक आहे, पण घर ठाऊक नाही. आपल्याकडे घर आहे, तिथी नाही." त्या थोडं हसल्या. "दोन्ही घरी अर्धे अर्धे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"माझी एक विनंती आहे. विनंती नव्हे, अट म्हणावी. भागीरथीबाई गावातल्या वृद्ध माणसाला तिथी विचारतात, तो प्रसंग आमच्या कास्काव्हेल गावात चित्रित करावा. वृद्ध माणसाचे काम माझे वडील करतील. ते झाले की बागेच्या पत्रावर मी सही करीन."

हॉटेलवर जाऊन हे सांगितलं तर बापूंनी माझी पाठच थोपटली. "एवढंच ना? करून टाकू! सुमनताईंना लुगडं नेसवून भागीरथी कर, म्हाताऱ्याला बसव समोर." मग आमचे कॅमेरामन मुजावर यांच्याकडे वळून म्हणाले, "रिळ घालायचं नाही."

मुजावर मिरजेचे. बोलणं कमी, कामात वाघ. ते म्हणाले, "बापू, रिकामा कॅमेरा फिरवायचा?"

"उरलेलं रिळ गाण्याला पुरलं तर नशीब. हा सीन आपल्या सिनेमात कुठं बसतोय? अहो, देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा देव जेवतो का? दाखवायचा असतो. बाईंना दाखवायचं."

"देवाचं ठीक आहे," मुजावर पुटपुटले. "माणसाचं पाप लागतं." मग ते भिंग पुसायला लागले. मीही त्यांची बाजू घेतली नाही. मला वाटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

कास्काव्हेल डोंगराच्या पायथ्याशी. चारी बाजूंना ऊस, मध्ये पत्र्याची आणि सिमेंटची घरं, गणपतीचं छोटं देऊळ. आम्ही दोन गाड्यांतून उतरलो आणि बघतो तर सगळं गाव देवळापुढे गोळा झालेलं. बायकांनी नऊवारी नेसलेली, कुणाची नीट, कुणाची पिना लावून कशीबशी. मंडपाखाली मोठमोठ्या टोपांत दालपुऱ्या झाकून ठेवलेल्या. पुरणपोळीसारखी, पण तिखटामिठाची, डाळ भरलेली पोळी. देवयानीबाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती आणि कचेरीचा शिक्का नसलेल्या, साध्या घरच्या बाई होऊन त्या सगळ्यांना पाणी देत होत्या.

त्यांचे वडील लक्ष्मण भिवाजी ऐंशी ओलांडलेले. काळा कोट, खाली धोतर, पायात चकचकीत बूट. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. त्यांची बोली रत्नागिरीकडची, पण आपल्या आज्यापणज्यांच्या काळची, आणि मधेच एखादा तिथल्या क्रिओल बोलीतला शब्द भातातल्या खड्यासारखा लागायचा.

"ह्यो शिनेमा तिकडं गावात दाखवतात?"

"दाखवतात की."

"गावोगावी?"

"हो. जत्रेत तंबू लावून दाखवतात."

"मंग कोन ना कोन वलखील," म्हातारा म्हणाला आणि कोटाचं बटण लावायला लागला. ते लागेना. मी वाकून लावून दिलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आम्ही बाईंना खूश करायला आलो होतो. त्यांच्या वडिलांना वाटत होतं, आम्ही टपाल घ्यायला आलोय.

मी बापूंकडे गेलो. "एक रिळ घालू या. शंभर फूट. माझ्या पगारातून कापा."

"टिपणीस," बापू खालच्या आवाजात म्हणाले, "फूट कापता येतात, गाणं कापता येत नाही. गप जागेवर उभा राहा."

मी गप जागेवर उभा राहिलो. माझ्या हातात पाटी आणि कागद. सहायकाचं एक काम असं असतं की नट प्रत्यक्ष काय बोलला ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, म्हणजे पुढे आवाज भरताना ओठांशी जुळतं. सवयीनं मी कागदावर तारीख घातली, जागा घातली. बापू ओरडले, "अ‍ॅक्शन!" कॅमेरा घरघरायला लागला.

आमच्या सुमनताई निगुडकर भागीरथी झाल्या होत्या. मूळ सिनेमात त्या नायकाच्या भांडकुदळ आत्या. पण चाळीस वर्षं या कामात मुरलेल्या बाई. त्या म्हाताऱ्यासमोर बसल्या, पदर सावरला आणि मी लिहिलेलं वाक्य बोलल्या, "माझ्या आजोबांचा भाऊ इकडे आला होता हो. त्याची तिथी कोणाला ठाऊक आहे का?"

उत्तरात लक्ष्मण भिवाजींना एकच वाक्य होतं, 'ठाऊक आहे, मुली.' पण म्हाताऱ्यानं सुमनताईंकडे बघितलंच नाही. तो सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघायला लागला. कुणी तरी दार उघडेल म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहावं, तसा.

"माजा आजोबा भिवा," तो म्हणाला. "भिवा धोंडू. मी आठ वरसांचा होतो तवा गेला. सरावन वद्य सष्टी, सन बावीस. गावाचा नाव त्यान कदी सांगलान नाय. म्हनायचा, नदी हाय. नदीपल्याड म्हादेवाचा देऊळ हाय. नि घराच्या पाठी दोन फनस. एक कापा, एक बरका. मरताना माका जवल बोलावलान. म्हनाला, तिकडचा कोन आला तं माज्या आयशीला सांग. सांग, भिवा उपाशी मेला नाय."

मग त्यानं हात जोडले. "मी सांगितला. आता तुमी सांगा."

बापूसुद्धा 'कट' म्हणायला विसरले. शेवटी कॅमेरा मुजावरांनीच बंद केला, पण डोळा बराच वेळ तिथून काढला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवयानीबाई देवळाच्या खांबाला धरून रडत होत्या आणि हसतही होत्या. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. शब्द न शब्द उतरला होता. रिकाम्या कॅमेऱ्याची मी इमानेइतबारे नोंद ठेवली होती.

दालपुऱ्या खाताना सुमनताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. पुढे बघतच म्हणाल्या, "सदा, रिळ नसलेला कॅमेरा वेगळा वाजतो. मोकळं जातं फिरवल्यासारखा. मला कानाला कळतं."

मी हातातली दालपुरी खाली ठेवली.

"मी तरी बसले समोर," त्या म्हणाल्या. "पोटासाठी आयुष्यभर खोटं रडले, त्याची लाज नाही वाटली. आज वाटली. त्या म्हाताऱ्यानं मला दालपुरी भरवली रे, पाहुणी म्हणून." आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही कचेरीखाली गाडी लावली. नायिका चेहरा रंगवून, केसांत फुलं माळून मागे बसलेली. पत्र हातात पडलं की तसंच बागेत जायचं होतं. बापू म्हणाले, "पाच मिनिटांत ये." मी तीन मजले चढलो. खरं सांगतो, दाराशी पोचेपर्यंत मी काहीही ठरवलं नव्हतं.

देवयानीबाईंपुढे पत्र टाइप होऊन पडलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"काल वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितले," त्या म्हणाल्या, "माझे काम झाले म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षे त्यांनी ते वाक्य सांभाळले."

"सही करू नका," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

"कॅमेऱ्यात रिळ नव्हतं."

"रिळ म्हणजे?"

"फिल्म. कॅमेरा रिकामा होता. कालचं काहीच उतरलेलं नाही. तुमच्या वडिलांचा एक शब्दही नाही. आमचा खरा सिनेमा वेगळाच आहे. ही गोष्ट फक्त तुमच्या परवानगीपुरती होती."

त्यांनी सावकाश टोपण परत लावलं. खालून बापूंच्या गाडीचा भोंगा दोनदा वाजला.

"आणि आपल्या आजोबांचे चुलते?"

"असं कुणी नव्हतंच. माझे आजोबा महाडच्या कोर्टात कारकून. त्यांचे चुलतेही कारकून. आमच्या घराण्यात समुद्र सोडा, कामाशिवाय कुणी सावित्री नदीही ओलांडली नसेल."

मला वाटलं होतं, बाई ओरडतील, शिपायाला बोलावतील. त्या खिडकीकडे बघत बसल्या. माझ्या मनात आलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उभाच होतो, कारण बसायचं तोंड नव्हतं.

"वडिलांना सांगणार?" मी विचारलं.

"ते माझे काम आहे. आपले नाही." मग माझ्याकडे वळून, "ते काय बोलले, ते आपल्याला आठवते काय?"

मी पिशवीतून तो कागद काढून दिला. त्यांनी बोटानं ओळ धरून वाचला. दोनदा वाचला. मग एक वही काढून सगळा मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला, आणि माझा कागद मला परत दिला.

"मूळ प्रत आपण ठेवावी. निरोप तुमच्या बाजूचा आहे."

नंतर त्यांनी फाइल उघडली, मी लिहून दिलेला तो पहिला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. 'सदर कथा माझ्या घराण्यातील असून सत्य आहे.'

"हा मला फाडता येत नाही. याला क्रमांक पडला आहे. सरकारला खोटे लिहून दिले तर त्याला शिक्षा आहे. मला कळवावे लागेल."

"कळवा," मी म्हणालो.

"किंवा," बाई म्हणाल्या, "हा कागद खरा झाला पाहिजे."

"म्हणजे काय करू?"

"आपल्या कथेतला तो मुलगा म्हणजे भिवा धोंडू समजावे. ते आपल्या घराण्यातले आहेत, असे आपण सहीने लिहून दिले आहे. त्यांची तिथी आपल्याला ठाऊक नव्हती. आता ठाऊक झाली आहे. पान वाढावे. प्रत्येक वर्षी." त्यांनी फाइल मिटली. "ही अट आहे."

"आणि बाग?"

"बाग मिळणार नाही." टाइप केलेलं पत्र त्यांनी उभं फाडलं, आडवं फाडलं आणि टोपलीत टाकलं. "याला अजून क्रमांक पडला नव्हता."

बापू मला मारतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नायिकेला म्हणाले, "तोंड धू पोरी." विमानतळावर मात्र मला बाजूला घेतलं. "टिपणीस, माणूस म्हणून तू चांगला आहेस. आमच्या धंद्याचा नाहीस." ते खरंच होतं. ते गाणं त्यांनी पुढे पुण्यातल्या एका बागेत थर्माकोलची कमळपानं तरंगवून काढलं. सिनेमा बरा चालला आणि कमळपानांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. मी महाडला परत आलो आणि एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागलो. अजून तेच करतो.

त्या भाद्रपदात वद्य षष्ठीला मी आईला म्हणालो, "आज एक पान जास्त वाढ."

"कुणाचं?"

"भिवा धोंडू."

"कोण हा? कुळ काय, गोत्र काय?"

"ते ठाऊक नाही. पण आपल्यातले आहेत असं मी सरकारला लिहून दिलंय."

आईनं कपाळाला हात लावला. पण आमचे गुरुजी भले होते. ते म्हणाले, "गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणावं. महालयात आप्ताचं चालतं, मित्राचं चालतं. अडत काही नाही." आईनं धुसफुसत पान वाढलं. वडिलांच्या तिथीला वाढायची त्यापेक्षा भात कमी, आणि खीर अर्धी वाटी. पान वाढल्याचं मी देवयानीबाईंना कचेरीच्या पत्त्यावर कळवलं. दुसऱ्या वर्षी खीर पाऊण झाली. तिसऱ्या वर्षी मी आठवण करायच्या आधीच ती म्हणाली, "उद्या तुझ्या त्या बोटीवाल्याचं आहे ना रे?"

त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, मॉरिशसचं पाकीट आलं. आत टाइप केलेलं मराठी पत्र, कचेरीच्या थाटाचं.

'विषय : तिथी. महोदय, माझे वडील लक्ष्मण रामा भिवाजी यांचे कार्तिक शुद्ध द्वादशीस निधन झाले. आपल्या घराण्यात नोंद व्हावी. आपली, देवयानी भिवाजी.'

खाली पेनानं एक ओळ होती. 'वडिलांना मी शेवटपर्यंत काही सांगितले नाही. आपण पान वाढता, एवढे सांगितले. त्यांना ते पुरले.'

मी ते आईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "हा लक्ष्मण काय बोलला होता, ते तू मला कधी धड सांगितलं नाहीस." खरं होतं. पान वाढायचं कारण सांगितलं होतं, तो कागद कधी दाखवला नव्हता. मी ट्रंकेतून काढला आणि जसाच्या तसा वाचला. नदी, महादेवाचं देऊळ, दोन फणस, सगळं. भिवानं त्याच्या आईला धाडलेला निरोपही. आई हातातलं फडकं झटकून आत गेली.

पुढच्या भाद्रपदात मी भिवाची षष्ठी आणि लक्ष्मणरावांची द्वादशी अशी दोन पानं सांगून ठेवली होती. ती झाली. पण सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नसते त्यांच्या दिवशी, मी घरी आलो तर आई पाटावर एक भरगच्च पान वाढून बसली होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, काही कमी नाही. आमच्या घरात तिथी माहीत नसलेलं कुणीच नव्हतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तिचं," आई म्हणाली. "नाव कुठं ठाऊक आहे? धोंडूची बायको, भिवाची आई. निरोप तिला होता ना? तुम्ही पुरुष तिला सोडून सगळ्यांचं करत बसलात."

आईनं पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तसं त्या पानाशी बोलली.

"बाई, तुझा भिवा उपाशी मेला नाही गं. म्हातारा होऊन गेला. नातवंडं बघून गेला. आता जेव."